वाचक विचारतात : पुण्यातलं घर, कोचीचा पाहुणा

गेल्या अंकात मी 'हृदयपूर्वम्' या मल्याळम सिनेमाची शिफारस केली आणि या खेपेला टपालात त्याच्याशिवाय दुसरा विषयच आला नाही. ज्यांनी तो अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संदीप बालकृष्णन (मोहनलाल) हा कोचीत क्लाउड किचन, म्हणजे फक्त घरपोच जेवण पुरवणारं स्वयंपाकघर, चालवणारा, अविवाहित, जरा चिडचिडा गृहस्थ. त्याच्या छातीत पुण्यातल्या एका दिवंगत कर्नलचं हृदय बसवलेलं आहे. त्या कर्नलची मुलगी हरिता (मालविका मोहनन) त्याला शोधत येते आणि आपल्या साखरपुड्याला पुण्याला बोलावते. संदीप येतो. पथ्यपाणी आणि औषधं सांभाळायला जेरी नावाचा नर्स (संगीत प्रताप) सोबत असतो. साखरपुड्यातच बिनसतं, संदीपची पाठ दुखावते, मुक्काम लांबतो आणि हरिताची आई देविका (संगीता) हिच्या घरात हा परका माणूस राहू लागतो. दिग्दर्शक सत्यन अंतिक्काड. प्रदर्शन २८ ऑगस्ट २०२५, म्हणजे आपल्याकडे गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि केरळात ओणमच्या तोंडावर.

आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : तुमचं वाचून आम्ही घरी सगळ्यांनी सिनेमा पाहिला. बरा वाटला, पण त्यात घडतं काय? ना खून, ना मारामारी, ना मोठा धक्का. मुलगा म्हणाला, 'टाइमपास आहे.' मग लोकांनी एवढी गर्दी का केली? (एक वाचक, चिंचवड)

काका, तुमच्या मुलाचं वय मला माहीत नाही, पण त्याचं म्हणणं मी केरळातल्या समीक्षकांकडूनही ऐकलंय. मोहनलाल आणि संगीत प्रताप यांची जोडी सगळ्यांना आवडली. त्यापुढे जाऊन बऱ्याच जणांनी 'अंतिक्काडांचा नेहमीचाच साचा' असा शेरा मारला आणि उत्तरार्ध रेंगाळतो अशी तक्रार केली. उत्तरार्धाबद्दल मीही त्यांच्याच बाजूची आहे. गाठी सुटायची वेळ येते तेव्हा पटकथा घाई करते आणि काही माणसं फार लवकर शहाणी होतात.

पण 'घडतं काय' हा प्रश्न मला मान्य नाही. बघा ना, या संदीपला पुण्यातल्या त्या घरात सगळे प्रेमाने वागवतात, उठबस करतात, काय हवं नको ते विचारतात. आणि त्यातलं एकही प्रेम त्याच्यासाठी नसतं. ती माणसं बघतात त्याच्याकडे, शोधतात मात्र दुसऱ्यालाच. जन्मभर एकटं राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा घर मिळतं तेही उसनं. एवढी दुखरी गोष्ट हसत हसत सांगायची आणि कुठेही पात्राच्या तोंडून 'मी किती एकटा आहे' असं वदवून घ्यायचं नाही, याला मी घडणं म्हणते. मोहनलाल हे सगळं बोलण्याआधीच्या छोट्याशा थांबण्यातून दाखवतात. कुणी त्याच्यात कर्नलची एखादी खूण शोधू लागलं की आधी त्याला बरं वाटतं, मग तो किंचित आक्रसतो. संवाद मात्र विनोदीच असतो.

जेरीचं काम करणारा संगीत प्रताप 'प्रेमलु' (२०२४) मधला अमल डेव्हिस म्हणून तुमच्या मुलाला नक्की आठवेल. हा मुलगा मूळचा संकलक आहे, संकलनासाठी त्याला केरळ राज्य पुरस्कारही मिळालाय. आपलं वाक्य कुठे टाकायचं आणि कुठे नुसतं गप्प उभं राहायचं, याची त्याला असलेली जाण तिथूनच आली असावी असं मला वाटतं. मोहनलालसारख्या नटासमोर नवखी मुलं एक तर दबतात नाही तर उगाच जोर लावतात. हा दोन्हींपैकी काही करत नाही.

गर्दीचं म्हणाल, तर ओणमचा सिनेमा ही केरळात घरादाराने मिळून बघायची गोष्ट आहे. आपल्याकडे दिवाळी अंक घरात येतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येक जण त्यातलं आपापलं पान शोधतो, तसं तिथे ओणमच्या सिनेमाचं. त्याच दिवशी 'लोका' हा कल्याणी प्रियदर्शन नायिका असलेला भव्य सिनेमाही लागला आणि जगभरात ३०० कोटींच्या वर गेलेला पहिला मल्याळम सिनेमा ठरला. अशा वादळाशेजारी उभं राहून 'हृदयपूर्वम्'ने ७५ कोटींच्या आसपास कमाई केली. पहिल्या दिवशी शिट्ट्या मारणाऱ्या चाहत्यांच्या जोरावर एवढं होत नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना, शेजाऱ्यांना सांगितलं, म्हणून झालं.

मी तो पुण्यातच पहिल्या आठवड्यात पाहिला. बाहेर ढोल-ताशे, आत बहुतेक मल्याळी कुटुंबं, खडकी-दापोडी-पिंपरीकडून आलेली. माझ्या डोळ्यांखालून सबटायटल सरकून पुरतं व्हायच्या आधीच सभागृहात हशा उसळायचा. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. पहिल्या काही हशांना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मला कळतंय ना याची खात्री करून घेतली आणि नंतर नंतर त्या विनोदाच्या आधीच माझ्या मनगटाला हात लावू लागल्या, म्हणजे मी तयार राहावं. विनोद कधी येणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या. धाकट्या जावेला घेऊन.

प्रश्न : मोहनलाल पासष्टीचे, मालविका तिशीतली. हा कसला कौटुंबिक सिनेमा? आपण नायकांच्या वयावर बोलायचंच नाही का? (एक वाचक भगिनी, ठाणे)

बोलायचंच, ताई. जरूर बोलायचं. मोहनलाल १९६० साली जन्मले आणि मालविका १९९३ साली. सिनेमाची घोषणा झाली तेव्हाच हा आक्षेप निघाला होता आणि 'हे प्रियकर-प्रेयसी आहेत असं तुम्हाला सांगितलं कुणी?' असं मालविकाने जाहीरपणे सुनावलंही होतं. तिचा मुद्दा रास्त होता. हरिता संदीपकडे येते ती वडिलांच्या ओढीने. या नात्याला नेमकं काय म्हणायचं हा गोंधळ पात्रांच्याही मनात आहे आणि गोष्ट त्याच गोंधळावर चालते.

तरीही तुमची अस्वस्थता मी झटकून टाकणार नाही. मधल्या भागात पटकथा ज्या कड्यावरून चालते तिथे तिचा पाय डळमळतो. आणखी थोडा धीर धरून लिहिलं असतं तर हाच भाग सिनेमातला सर्वांत सुंदर भाग झाला असता. मला त्यात तोलून धरलं ते देविका झालेल्या संगीता यांनी. या बाई फार मोठ्या अभिनेत्री आहेत. 'चिंताविष्टयाय श्यामला' (१९९८) मध्ये संसार टाकून देवधर्माच्या नावाखाली पळणाऱ्या नवऱ्याची बायको त्यांनी उभी केली होती, त्या भूमिकेला केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मग त्या बराच काळ पडद्यावरून दूर राहिल्या. त्यांना पुन्हा अशा मोठ्या भूमिकेत पाहणं, नवरा गेलेल्या, मुलीशी धड न पटणाऱ्या आणि तरीही ताठ उभ्या असलेल्या बाईच्या रूपात, हा माझ्यासाठी या सिनेमातला मोठा ठेवा आहे. नायकाच्या वयाची चर्चा करताना हेही लिहिलं पाहिजे की देविकेच्या वयाच्या बाईला इतकी जागा देणारे सिनेमे थोडे असतात.

प्रश्न : पत्र लिहिताना हात थरथरतोय. आमच्या घरातला तरुण मुलगा अपघातात गेला, आम्ही त्याचे अवयव दिले. सिनेमात ती मुलगी वडिलांचं हृदय मिळालेल्या माणसाला जाऊन भेटते. आम्हाला असं भेटता येईल का? (नाशिक जिल्हा)

तुम्ही जे केलंत त्यापुढे या सदरातला प्रत्येक शब्द लहान आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं.

आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली हे सगळं काम चालतं. २०११ मध्ये त्यात सुधारणा झाली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. कोणता अवयव कुणाला द्यायचा ते प्रतीक्षायादी, रक्तगट, निकड आणि अंतर पाहून तिथे ठरतं. केरळात मेंदूमृत दात्यांच्या अवयवदानाची सरकारी व्यवस्था २०१२ पासून आहे. हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत ते दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागावं असा प्रयत्न असतो, म्हणून तर पोलीस रस्ता मोकळा करून देतात आणि विमानं थांबवली जातात.

दात्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकमेकांना न कळवणं हीच रीत आहे. सिनेमात हरिता ज्या सहजपणे संदीपपर्यंत पोचते तसं प्रत्यक्षात होऊ नये अशीच व्यवस्था ठेवलेली असते. वर्तमानपत्रांतून नावं फुटतात आणि भेटी होतातही, पण ती पद्धत नव्हे. त्यामागचं कारण कोरडं नाही. ज्याला हृदय मिळालं तो आधीच ऋणाच्या ओझ्याखाली असतो, औषधांवर असतो, त्याला आणखी एका घराचा मुलगा होणं झेपेलच असं नाही. आणि तुम्हीसुद्धा त्याच्या प्रत्येक तापाने, खोकल्याने पुन्हा पुन्हा घाबरत राहाल. सिनेमा हलका असला तरी नेमकं हेच ओझं त्याने दाखवलंय.

तुम्ही एवढं करू शकता : ज्या रुग्णालयात दान झालं तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकांना भेटा. तो माणूस कसा आहे एवढं तरी कळेल का, नाव-गाव न घालता तुमचं पत्र त्याच्यापर्यंत पोचवता येईल का, हे त्यांनाच विचारा. नाही म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नका. आणि आणखी एक. हृदय बदललं की आवडीनिवडी, आठवणीही बदलतात असं लोक सांगतील. विज्ञानात त्याला आधार नाही. तुमच्या मुलाचं जे होतं ते तुमच्याच घरात आहे, त्याच्यासाठी कुठे जायला नको.

प्रश्न : सिनेमात फहाद फासिलवरून जो विनोद आहे तो सगळ्यांना एवढा का आवडला? मला त्यात विशेष कळलं नाही. (महाविद्यालयीन वाचक, लातूर)

प्रसंग असा आहे : मोहनलालचं पात्र केरळचं आहे हे कळताच एक माणूस खुलतो. मल्याळम सिनेमांचा मी भक्त आहे म्हणतो, नव्या सिनेमांची नावं घेतो आणि फहाद फासिल या नव्या पिढीच्या नटावर घसरतो. आमच्याकडे ज्येष्ठ नटही आहेत, असं आपला नायक सुचवून पाहतो. त्याला ते ऐकायचंच नसतं. समोर साक्षात मोहनलाल!

केरळात लोक हसले ते मोहनलालांच्या मोठेपणाला. स्वतःच्या दिग्विजयी कारकिर्दीवर असा विनोद करून घेणारे किती नट आहेत? पण मराठी माणसाने यात स्वतःला पाहायला हवं. तो बिचारा भक्त म्हणजे आपणच आहोत. २०२० नंतर घरात कोंडलो गेलो, मोबाइलवर 'कुंबळंगी नाइट्स', 'द ग्रेट इंडियन किचन' पाहिले आणि मल्याळम सिनेमा तिथून सुरू होतो असं धरून चाललो. त्याआधीची चाळीस वर्षं आपल्याला कुणी दाखवलीच नाहीत.

आणि खरं तर दाखवली होती, फक्त पत्ता न सांगता. परेश रावळचे बाबुराव आपटे तुम्हाला पाठ असतील. 'हेराफेरी' (२०००) हा सिद्दिक-लाल यांच्या 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९) वरून आलेला. 'हंगामा', 'भूल भुलैया' तिथलेच. 'खट्टा मीठा' (२०१०) मधला सचिन टिचकुले हा मराठी कंत्राटदार १९८८ च्या एका मल्याळम सिनेमात मोहनलालने आधीच करून ठेवलेला आहे. अंतिक्काडांच्या 'सन्मनस्सुळ्ळवर्क्कु समाधानम्' (१९८६) मधलं घरमालक-भाडेकरूचं भांडणही हिंदीत येऊन गेलंय, 'ये तेरा घर ये मेरा घर' (२००१) या नावाने. तेव्हा लातूरकर, तुम्ही मल्याळम विनोदावरच लहानाचे मोठे झाला आहात.

प्रश्न : सत्यन अंतिक्काडांचे आणखी कोणते पाहावेत? (सेवानिवृत्त शिक्षक, सांगली)

सर, 'नाडोडिक्काट्ट' (१९८७) पासून सुरुवात करा. मनासारखी नोकरी न मिळालेले दोन मित्र, दासन आणि विजयन, म्हणजे मोहनलाल आणि श्रीनिवासन. दुबईला सोडतो म्हणून सांगणारा दलाल त्यांना मद्रासच्या किनाऱ्यावर उतरवतो. त्या काळी केरळातल्या घराघरातला एक जण आखातात होता किंवा जायच्या तयारीत होता. त्या पिढीने हा सिनेमा रडू दाबत हसून पाहिलाय.

मग 'वरवेल्पु' (१९८९). आखातात वर्षानुवर्षं राबून आणलेल्या पैशातून नायक एक बस घेतो आणि नातेवाईक, कामगार, युनियन, परवाने यांत ती बस आणि तो दोघंही पार मोडून जातात. अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधान असताना कोचीतल्या गुंतवणूकदारांच्या मेळाव्यात, २००३ साली, या सिनेमाचा दाखला दिला होता. एका विनोदी सिनेमाला मिळालेली ही दाद मला कुठल्याही पुरस्काराहून मोठी वाटते.

आणि 'संदेशम' (१९९१) चुकवू नका. रेल्वेतून निवृत्त होऊन वडील (तिलकन) गावी परततात, तर दोन मुलगे दोन विरोधी पक्षांचे कार्यकर्ते होऊन बसलेले. जेवणाच्या ताटावरून आंतरराष्ट्रीय राजकारणाची भांडणं! त्यातला पोलंडचा उल्लेख केरळात आजही चहाच्या टपरीवर ऐकू येतो. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला एका घरातले दोन पक्ष ही कल्पना समजावून सांगायला नको.

हे तिन्ही सिनेमे श्रीनिवासन यांनी लिहिलेले. अंतिक्काडांच्या जुन्या सिनेमांत जी धार आहे ती त्यांची. नंतरचे सिनेमे मऊ होत गेले. 'हृदयपूर्वम्' मऊच आहे, त्याची कथा अंतिक्काडांचे चिरंजीव अखिल सत्यन यांची. धार हवी असेल तर जुने पाहा, ऊब हवी असेल तर 'रसतंत्रम्' (२००६) पाहा. दोन्ही गरजा खऱ्या असतात.

प्रश्न : गोव्यात किंवा मुंबईत घडणारा असा एखादा? (पर्वरी, गोवा)

अखिल सत्यन यांचाच 'पाच्चुवुम अद्भुतविळक्कुम' (२०२३). मुंबईत औषधांचं दुकान चालवणारा फहाद फासिल एका वृद्ध बाईंना केरळहून रेल्वेने घेऊन निघतो आणि गोष्ट गोव्याकडे वळते. पावसाळी रविवारी पाहा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना असे सिनेमे फार आवडतील, पण इंग्रजी सबटायटल त्यांना वाचता येत नाहीत. काय करावं? (गृहिणी, कोल्हापूर)

'हृदयपूर्वम्' २६ सप्टेंबर २०२५ पासून जिओहॉटस्टारवर आहे आणि तिथे हिंदी आवाजातही मिळतो. पण मला विचाराल तर डबिंग टाळा. मोहनलालचा आवाज काढून घेतला की अर्धा अभिनय जातो.

आमच्याकडे आत्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी शेजारी बसून मराठीत वाचून दाखवते. सगळं नाही वाचत. कोण कुणाचं कोण एवढं सुरुवातीला सांगते, मग लागेल तिथे एक-दोन शब्द. अर्ध्या तासानंतर त्या मला हाताने गप्प करतात. जेरी गोळ्यांवरून संदीपच्या मागे लागतो तिथे त्यांना भाषेची काही गरज पडली नाही, कारण त्यांच्या गोळ्यांची डबी माझ्याच हातात होती. तुम्ही आणि सासूबाई मिळून करून बघा. मध्ये थांबवायला लागलं तर थांबवा, दोन दिवसांत पाहा.

पण हे काही उत्तर नव्हे, याची मला खंत आहे. मल्याळम सिनेमा तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदीत पोचतो आणि पुण्यात घडणाऱ्या सिनेमाला मराठी सबटायटल मिळत नाहीत. मागणी नाही, असं सांगतात. मागणी कशी कळणार? कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये अभिप्रायाची सोय असते, तिथे लिहा. मी लिहिलंय. कोल्हापुरातून, लातुरातून, पर्वरीतून लिहा. अनुवाद करायला माणसं आहेत, पुण्यात मराठी आणि मल्याळम दोन्ही घरच्यासारख्या बोलणाऱ्या मुलामुलींची एक अख्खी पिढी वाढलीय. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात असल्यामुळे लष्करातले, कारखान्यांतले, रुग्णालयांतले मल्याळी इथे कित्येक दशकं आहेत. म्हणून तर सिनेमातल्या कर्नलचं घर पुण्यात आहे हे कुणाला खटकत नाही. पुणेकर म्हणून मला एवढंच वाटलं की त्या घराच्या खिडकीतून आणखी थोडी मराठी आत यायला हवी होती. शेजारपाजार, भाजीवाली, रिक्षावाला, गणपतीची वर्गणी... अंतिक्काडांच्या हाती हे सगळं लागलं असतं तर त्यांनी त्याचं सोनं केलं असतं.

प्रश्न : मोहनलालना फाळके पुरस्कार याच सिनेमासाठी मिळाला का? (त्र्यंबकेश्वर)

नाही. फाळक्यांच्या जन्मगावाहून हा प्रश्न आला याचा आनंद झाला. दादासाहेब फाळके पुरस्कार एखाद्या सिनेमासाठी नसतो, आयुष्यभराच्या कामासाठी असतो. मोहनलालना २०२३ या वर्षासाठीचा पुरस्कार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि २३ सप्टेंबरला दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. 'हृदयपूर्वम्' तेव्हा चित्रपटगृहांत चालू होता, त्यामुळे गल्लत झाली असावी. केरळातून याआधी २००४ सालासाठी हा मान दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांना मिळाला होता. तेही पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, प्रभात स्टुडिओच्या आवारात. मालविकाचे वडील, छायालेखक के. यू. मोहनन, हेही तिथलेच विद्यार्थी.

पुढच्या अंकासाठी पत्रं वीस तारखेपर्यंत पाठवा. 'संदेशम' पाहून झालेल्यांची पत्रं मी आधी वाचेन.